पौर्णिमेचा चंद्र टेलिफोटोनं टिपायचाय? मग आधी देवळापासून लांब जा

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतं आणि घरातलं कुणीतरी कॅमेरा काढून चंद्राचा फोटो घेतंच. बघितला तर काळ्या आभाळात एक पांढरी टिकली. ससा नाही, डाग नाही, काहीच नाही. मग म्हणतात लेन्स कमी पडली, मोठी लेन्स पाहिजे. तसं नाहीये. कॅमेऱ्याच्या किटसोबत मिळणारी ५५-२५० मिलिमीटरची टेलिफोटो, म्हंजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, किंवा जुनी ७०-३०० असली तरी चालतंय, मी पहिली काही वर्षं तेवढ्यावरच काढली, आणि आमच्या औसा तालुक्यातल्या गावातल्या देवळाच्या कळसामागं चंद्र आलेला जो फोटो आज घरात भिंतीवर आहे तो ७०-३०० चाच आहे. हा लेख त्या फोटोपर्यंत कसं पोचायचं त्याचा आहे. पण नुसता चंद्र नीट काढता आल्याशिवाय कळसामागचा जमत नाही, म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडं रात्र असली तरी पौर्णिमेला चंद्राच्या समोरच्या बाजूवर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. तो उन्हात पडलेला दगड आहे, आणि दगडही कसा, तर आलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच परत फेकणारा, म्हंजे जवळपास आपल्या डांबरी रस्त्याइतका काळपट. आजूबाजूला काळंकुट्ट आभाळ म्हणून तो चांदीसारखा चमकतो एवढंच. कॅमेरा ऑटोवर ठेवला की त्याला फ्रेममध्ये सगळीकडं काळं दिसतं, तो म्हणतो अंधार लई आहे, शटर उघडं ठेवू, आणि चंद्र जळून जातो. म्हणून मोड डायल एम वर, म्हंजे सगळी सेटिंग आपल्या हातानं. रात्रीच्या नाही, दिवसाच्या सेटिंगवर यायचं.

जुना नियम असाय की एफ ११ ला (एफ म्हंजे लेन्सचं तोंड, आकडा मोठा तितकं ते बारीक) शटर तुमच्या आयएसओइतकं (आयएसओ म्हंजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ठेवायचं. आयएसओ १०० तर १/१०० सेकंद, आयएसओ २०० तर १/२००. मी एफ ८ वापरतो कारण स्वस्तातल्या झूम लेन्स शेवटच्या टोकाला पूर्ण उघड्या ठेवल्या की मऊ येतात आणि एफ ८ ला बऱ्यापैकी टोकदार होतात. मग आयएसओ २००, एफ ८, १/४०० हे सुरुवातीचं सेटिंग, चंद्र चांगला वर आलेला असताना. एक फोटो घ्या, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा, हायलाइट, म्हंजे जळालेला पांढरा भाग, लुकलुकत असेल तर शटरचा वेग वाढवा. स्क्रीनवर थोडा करडा दिसला तर घाबरू नका, नंतर उजळता येतो, जळलेला परत आणता येत नाही. रॉ मध्येच, म्हंजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. व्हाइट बॅलन्स डेलाइट, कारण चांदणं म्हंजे ऊनच आहे, फक्त फिरून आलेलं.

किती मोठा येईल त्याचा हिशोब अगदी सोपाय. चंद्र आभाळात अर्धा अंशच भरतो, त्यामुळं लेन्सच्या मिलिमीटरला ११० नं भागलं की सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा येणार ते कळतं. ३०० ला पावणेतीनच्या आसपास, ६०० ला साडेपाच. २४ मेगापिक्सलच्या क्रॉप, म्हंजे फुल फ्रेमपेक्षा छोट्या सेन्सरवर ३०० चा चंद्र साधारण ७०० पिक्सल रुंद येतो. मोबाइलवर बघायला, छोट्या प्रिंटला भरपूर झाला. फक्त चंद्राचाच मोठा पोस्टर करायचा असेल तर मात्र १५०-६०० सारखी लेन्स नाहीतर नायकॉन पी ९०० सारखा लांब झूमचा कॅमेरा लागतो, तो २००० मिलिमीटरच्या बरोबरीचा झूम देतो. लेन्स विकत घेण्याआधी कुणाची तरी आणून एक पौर्णिमा करून बघा. ६०० ची लेन्स हातात धरून तासभर उभं राहणं सोपं नसतंय.

ट्रायपॉड कुठं उभा करताय ते बघा

आपल्याकडं गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत गरम हवा सोडत राहतो. पत्र्याचं तर विचारूच नका. ही गरम हवा लेन्ससमोरून वर जाते आणि चंद्राची कड पाण्यात बघितल्यासारखी थरथरते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं दृश्य) दहापट झूम करून बघा, कड उकळल्यासारखी दिसली तर तिथं फोकस कितीही जुळवा, फोटो मऊच येणार. लोक फोकसला दोष देत बसतात, दोष जागेचा असतो. शेजारच्या पत्र्यावरून, डांबरी रस्त्यावरून फोटो काढू नका. मोकळ्या रानात, गवतावर, झाडी असेल त्या बाजूला जा. शक्य असेल तर पहाट बघा. पौर्णिमेचा चंद्र सकाळी सूर्य उगवायच्या सुमारास मावळतीला जातो, रात्रभरात जमीन गार झालेली असते, आणि हवा संध्याकाळपेक्षा कितीतरी शांत मिळते. मला विचाराल तर नुसत्या चंद्राचा सगळ्यात स्वच्छ फोटो पहाटेच मिळतो, पण उठायला लागतं.

रानात गेलात की दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. पाऊस नुकताच संपलेला असतो, वरून पापुद्रा वाळलेला आणि खाली ओल. ट्रायपॉड ठेवला की पाच मिनिटं बरा वाटतो, मग एक पाय हळूहळू रुतायला लागतो. डोळ्याला काहीच कळत नाही, पण ३०० मिलिमीटरला चंद्र फ्रेममधून जरा जास्तच लवकर निसटायला लागतो आणि आपण म्हणतो हेड ढिलं झालं. तिन्ही पायांखाली चपटे दगड नाहीतर प्लायचे हातभर तुकडे घाला. मी गाडीच्या डिकीत प्लायचे तीन तुकडे कायम ठेवतो. मधला दांडा वर काढायचा नाही, बॅग त्याच्या हुकाला लटकवायची पण वारं सुटलेलं असेल तर लटकवायची नाही, ती झुलली की सगळंच झुलतं.

ट्रायपॉडवर बसवला की लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा, बऱ्याच लेन्स ट्रायपॉडवर उगीच स्वतःच हलतात. शटर बोटानं दाबायचं नाही, दोन सेकंदाचा टायमर लावा. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये काढा किंवा मिरर लॉक करा, म्हंजे आतला आरसा हलून धक्का बसत नाही.

फोकस. रिंग अनंतच्या खुणेवर नेऊन ठेवली की झालं असं वाटतं, पण बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंतच्याही थोड्या पुढं फिरतात. लाइव्ह व्ह्यू झूम करा, आणि चंद्राची कड नाहीतर टायको नावाचं विवर पकडा. टायको म्हंजे चंद्राच्या दक्षिणेकडचं ८५ किलोमीटर व्यासाचं विवर, पौर्णिमेला त्याच्यापासून चारी बाजूंना पांढरे पट्टे पसरलेले दिसतात, टरबूजाच्या देठाकडून रेषा निघाव्यात तसे. ते पट्टे जिथं सगळ्यात बारीक दिसतात तिथं थांबायचं. रिंग अलीकडं न्या, पलीकडं न्या, परत मधे या. ऑटोफोकसनं कडेवर पकडलं तरी चालतंय, पण पकडलं की लगेच मॅन्युअलवर टाका म्हंजे पुढच्या फोटोला तो परत शोधत बसणार नाही. रात्र गार होत गेली की लेन्स आक्रसते आणि फोकस सरकतो, वीस-पंचवीस मिनिटांनी परत तपासा.

इथं एक खरं सांगून टाकतो. डोंगर, विवरं, त्यांच्या सावल्या बघायच्या असतील तर पौर्णिमा चुकीचा दिवस आहे. ऊन डोक्यावर असलं की जमिनीवर सावल्या पडत नाहीत, तसंच तिथं. त्यासाठी शुद्ध अष्टमीच्या आसपास काढा, उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक विवर उठून दिसतं. पौर्णिमेला दिसतात ते डाग, म्हंजे थिजलेल्या लाव्हाची मैदानं. आपला ससा ह्याच डागांचा बनलाय, आणि १९६९ साली माणूस पहिल्यांदा उतरला ते शांतिसागर त्यातलंच एक. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ती जागा टायकोच्याही बरीच दक्षिणेला, जवळपास कडेशी आहे. फोटो मोठा करून घरातल्या पोरांना ती बाजू दाखवा, पोरं पाच मिनिटं नजर हलवत नाहीत.

कोणत्या दिवशी, किती वाजता

देवळामागचा चंद्र काढायला पौर्णिमा पाहिजे हे खरं, पण कॅलेंडरवर लाल गोल आहे म्हणून तोच दिवस धरू नका. पंचांगात पौर्णिमा समाप्तीची वेळ असते ती बघा. तिथीच्या हिशोबानं पौर्णिमा ज्या क्षणी संपते तोच खरा पूर्ण चंद्राचा क्षण, सूर्याच्या बरोबर समोर. ही समाप्ती ज्या संध्याकाळच्या जवळ, त्या संध्याकाळी सूर्य मावळणं आणि चंद्र उगवणं जवळपास एकदम होतं. आपल्याला तेच पाहिजे, कारण सूर्य मावळून दहा-वीस मिनिटं झालेली असताना देऊळही दिसतं आणि चंद्रही जळत नाही, दोन्हीचा उजेड सारखा होतो. त्याच्या आधी चंद्र फिका, त्याच्यानंतर देऊळ काळी आकृती.

२०२५ ची कोजागिरी घ्या. दूध ६ ऑक्टोबरच्या रात्री, पण पौर्णिमा संपली ७ तारखेला सकाळी सव्वानऊच्या आसपास. म्हणून ६ तारखेला सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी चंद्र वर आलेला, आणि उगवता चंद्र न् मावळता सूर्य हा मेळ ७ तारखेला. दूध एका दिवशी, फोटो दुसऱ्या दिवशी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळं एका दिवसाची चूक म्हंजे अख्खा संधिप्रकाश गेला.

पंचांगात किंवा कॅलेंडरात चंद्र उगवायची वेळ मुंबईची दिलेली असेल तर लातूरला साधारण १५ मिनिटं आधी धरा, संभाजीनगरला १०, नांदेडला १७-१८. आपण पूर्वेला आहोत, चंद्र आपल्याकडं आधी येतो. स्टेलॅरियम नाहीतर फोटोपिल्स ह्या अ‍ॅपमध्ये गावाचं ठिकाण टाकलं की मिनिटाचा हिशोब मिळतो, पण हे एकदा हातानं करून बघितलं की अ‍ॅप काय सांगतंय ते कळायला लागतं.

दिशेचंही तसंच. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उलट वागतो. वटपौर्णिमेला तो आग्नेयेकडं झुकून उगवतो, दत्तजयंतीला ईशान्येकडं, आणि कोजागिरीला उगवतीच्या जवळ, जरासा उत्तरेला. तुमच्या देवळाच्या मावळतीला मोकळं रान कुठल्या बाजूला आहे ते बघून महिना निवडा. हवा मला तरी कोजागिरीच्या आसपासची आवडते, पाऊस परतलेला असतो, धूळ बसलेली असते, फक्त कुणाच्या रानात सोयाबीनची मळणी चालू असेल तर त्या बाजूला उभं राहू नका. थंडीत उसाचं पाचट पेटवतात तेव्हा धूर जमिनीलगत साचून राहतो आणि उगवता चंद्र वर येईपर्यंत दिसतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये धुळीनं तो विटकरी होतो, कुणाला तेही आवडतं.

आता मोठा चंद्र

देवळापेक्षा मोठा चंद्र दिसणारे फोटो बघून लोकांना वाटतं हे चिकटवलंय. काही चिकटवलेले असतातही, आणि मग तसं सांगून टाकावं. पण खराही निघतो, आणि तो निघतो पायांनी. चंद्र जिथून बघाल तिथून अर्धा अंशच. देऊळ मात्र जितकं लांब जाल तितकं बारीक होतं. म्हणून लांब जायचं आणि टेलिफोटोनं दोघांना एकदम जवळ ओढायचं.

आकडा लक्षात ठेवा, ११०. वस्तूची उंची गुणिले ११०, तेवढ्या अंतरावरून ती वस्तू चंद्राइतकी दिसते. उभा माणूस १.७ मीटर, म्हंजे १८७ मीटरवरून तो चंद्राच्या गोलात बरोबर मावतो. आमच्या देवळाचा कळस साधारण १.२ मीटर, तो १३२ मीटरवरून चंद्राएवढा. अख्खं देऊळ १२ मीटर, त्याला १३२० मीटर लागतील. उंची माहीत नसली तर दुपारी एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा, त्याच वेळी देवळाची सावली मोजा, प्रमाण लावा.

मी ६०० मीटर धरले. तिथून देऊळ चंद्राच्या दुप्पट, आणि चंद्र कळसाच्या चौपटीहून थोडा जास्त. ३०० मिलिमीटरला क्रॉप सेन्सरवर देऊळ फ्रेमच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग घेतं, चंद्र सहावा. आणि ३०० ला एफ ८ वर ६०० मीटरचं देऊळ आणि चंद्र दोन्ही फोकसमध्ये बसतात, ६०० च्या लेन्सला मात्र ह्या अंतरावर दोन्ही बसत नाहीत, तिला किलोमीटरच्याही पुढं जावं लागतं.

गूगल मॅपवर कळसापासून मावळतीला ६०० मीटरची रेघ ओढली तर ती आमच्या आबांच्या बांधावर आली. कॅमेरा घेऊन निघालो तर आबा पारावरून म्हणाले, “देवळाचा फोटू काढूलालास म्हन्लास, मग देवळापसून लांब कामून चाल्लास?” त्यांना घेऊनच गेलो.

बांधावर पोचल्यावरचं सांगतो, कारण सगळं तिथंच ठरतं. आदल्या दिवशी मी जागा बघून बांधावर दगड मांडून ठेवलेला, आणि तो काहीच कामाचा नाही. कोजागिरीच्या सुमारास चंद्राची उगवायची जागा एका दिवसात पाच-सहा अंश उत्तरेला सरकू शकते, ६०० मीटरवर म्हंजे पन्नास-साठ मीटर चालणं. आदल्या दिवशी जाऊन रस्ता, तारा, बाभळी बघून ठेवा, पण जागा त्याच दिवसाच्या दिशेनं काढा. ट्रायपॉड उभा केला, कळसावर फोकस घेतला, मॅन्युअलवर टाकला. उजेड अजून होता. आयएसओ ४००, एफ ८, १/१२५.

चंद्र दिसायच्या आधी क्षितिजाजवळचं धुरकट आभाळ जरा तांबूस होतं, आणि मग एकदम कड. इथं घाई करायची नाही. चंद्र सरळ वर चढत नाही. आपल्या अक्षांशावर तो वर चढता चढता उजवीकडं, दक्षिणेकडं झुकत जातो, पाच अंश वर येईपर्यंत पावणेदोन अंश उजवीकडं, म्हंजे स्वतःच्या साडेतीन पट. अ‍ॅपमध्ये उगवायच्या जागेची रेघ कळसातून जाते म्हणून तिथं उभं राहिलात तर चंद्र कळसापाशी यायच्या आधीच बाजूला गेलेला असतो. कळस माझ्या जागेवरून एक अंशावर, तिथं चंद्र उगवल्यावर चार-पाच मिनिटांनी पोचतो. तेवढ्या वेळात तो किती झुकला ते डोळ्यानं बघायचं आणि आपण सरकायचं.

कसं सरकायचं ते पाठ करा. चंद्र कळसाच्या उजवीकडं दिसतोय तर आपण डावीकडं जायचं. ६०० मीटरवर चंद्राच्या एका रुंदीसाठी साडेपाच मीटर, म्हंजे सात-आठ पावलं. चंद्र वर जातोय तसं देवळाकडं पुढंही जावं लागतं. त्या संध्याकाळी चंद्र एक रुंदी उजवीकडं निघाला, मी ट्रायपॉड उचलून ढेकळातनं डावीकडं पळालो, आबांनी पायाखालच्या प्लाय उचलून आणून परत घातल्या. चंद्र स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला दोनच मिनिटं घेतो, तेवढाच वेळ हातात. पहिल्या दोन फोटोत कळस कडेला, तिसऱ्यात जरा आत, सहाव्या फोटोत कळसाचं टोक बरोबर चंद्राच्या मधोमध आलं, आणि त्यावर बसलेला एक पारवा. पारवा मला तेव्हा दिसलाच नव्हता, घरी मोठ्या स्क्रीनवर दिसला.

क्षितिजाजवळचा चंद्र धुरकट हवेतून येतो म्हणून वरच्यापेक्षा दोन-तीन स्टॉपनं (एक स्टॉप म्हंजे उजेड निम्मा) कमी उजळ असतो, आणि तो दर मिनिटाला उजळत जातो तर देऊळ अंधारत जातं. दर दोन-तीन फोटोंनी हिस्टोग्राम बघा. एकच फोटो पुरेना झाला, म्हंजे देऊळ काळं पडायला लागलं, तर कॅमेरा न हलवता एक फोटो चंद्रासाठी आणि लगेच एक देवळासाठी घ्या, नंतर एकत्र करा. त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं, त्याच मिनिटाला घेतलेले दोन फोटो जोडण्यात मला काही गैर वाटत नाही. चंद्र मोठा करून चिकटवणं वेगळं.

देवगिरी किल्ल्याचं बरेच जण विचारतात. टेकडी साधारण २०० मीटर उंच, म्हंजे ती चंद्राएवढी दिसायला २२ किलोमीटर लागतील, त्या नादाला लागू नका. तीन किलोमीटरवरून मावळतीच्या बाजूला उभं राहिलात तर टेकडी जवळपास चार अंश भरते, चंद्र तिच्या माथ्यावर यायला उगवल्यापासून १५ मिनिटांच्या वर लागतात, चंद्र सूर्य मावळल्यावर उगवला असेल तर तोवर अंधार पडतो. म्हणून तिथं पंचांगातल्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळचा चंद्र बरा, तो लवकर उगवतो. किंवा पूर्वेच्या बाजूनं पहाटेचा मावळता चंद्र. पायथ्याचा बहमनी काळातला चांद मिनार नावामुळं सगळ्यांना खुणावतो, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि जवळून चंद्र बारीकच दिसणार. बाहेरून, लांबून काढा.

घरी आल्यावर जास्त काही करायचं नाही. कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, हायलाइट खाली ओढा, शार्पनिंग बेतानं, कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की मागं या. नुसत्या वरच्या चंद्राचे फोटो असतील तर एकाच सेटिंगवर ५०-१०० काढून आणा आणि ऑटोस्टॅकर्ट ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते सगळ्यात शांत हवेतले फोटो निवडून एकावर एक बसवतं, आणि ३०० च्या लेन्समधूनही टायकोचे पट्टे असे निघतात की लेन्स तीच आहे का विचाराल. कळसामागच्या फोटोला हे चालत नाही, कारण चंद्र आणि कळस दोघांची जागा दर फोटोत बदलते. प्रिंट मॅट कागदावर काढा आणि स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा जरा उजळ करून द्या, नाहीतर शिखर काळ्यात बुडतं. आमच्या फोटोची एक प्रत देवळाच्या सभामंडपात लावलीय, आबा येईल त्याला आधी पारवा दाखवतात.